ब्लॉक बीटवर आहेत, मग हात का अडतो?

प्रश्न थोडक्यात असा: बीट सेबर, म्हणजे व्हीआर चष्मा घालून गाण्याच्या तालावर समोर येणारे ब्लॉक बाणाच्या दिशेने तलवारींनी कापायचा गेम. त्यासाठी आवडत्या गाण्याचा पहिलाच मॅप, म्हणजे ब्लॉकांची मांडणी, बनवला, थेट एक्सपर्ट प्लस या सगळ्यात अवघड पातळीचा. ड्रम, बेस, गायकाचा आवाज, काही म्हणजे काही सोडलं नाही, सगळं बीटवर बसवलं. दोन मित्रांनी खेळून पाहिलं आणि म्हणाले, "बीटवर आहे रे, पण मजा येत नाही. हात अडतो." कुठे चुकलं, आणि पुढचा मॅप कसा सुरू करू?

मित्रांनी एका दमात दोन वेगळ्या तक्रारी केल्या आहेत. मजा येत नाही ती काहीही न सोडल्यामुळे, आणि हात अडतो तो बाणांच्या दिशांमुळे. दुसरी आधी निस्तरायला हवी, आणि नवख्या मॅपरला नेमकी तीच सापडत नाही. एडिटरमध्ये ब्लॉक दिसतात. एक ब्लॉक कापून झाल्यावर हात कुठे थांबला आणि पुढच्यासाठी त्याला कुठून निघावं लागेल, हे मॅपरने स्वतःच डोक्यात धरायचं असतं. माझ्या मते मॅपिंगचं निम्म्याहून जास्त काम तिथेच आहे.

पण त्याआधी "बीटवर आहे" हे एकदा तपासून घेऊ. मित्रांचं ते मत कदाचित पहिल्या मिनिटावरून बनलं असेल. १२८ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२८ बीटच्या, गाण्यात एक बीट ४६८.७५ मिलिसेकंदांची असते. तुम्ही चुकून १२७.९ टाकलं असेल, तर दर बीटमागे फरक पडतो जेमतेम ०.३७ मिलिसेकंदांचा. सुरुवातीला कुणाच्याही कानाला कळणार नाही. पण चार मिनिटांत ५१२ बीट होतात, आणि शेवटाला हा फरक साचत साचत १८८ मिलिसेकंदांच्या आसपास जातो. पाव बीट ११७ मिलिसेकंदांची. म्हणजे शेवटच्या कोरसमध्ये ब्लॉक भलत्याच ठिकाणी पडताहेत, आणि खेळणाऱ्याला वाटतंय की आपलाच हात दमला.

म्हणून एडिटरचा मेट्रोनोम, म्हणजे दर बीटला होणारी टिकटिक, चालू करा आणि गाणं तीन ठिकाणी ऐका: सुरुवातीला, मध्यावर, शेवटाला. चूक सगळीकडे सारखीच असेल तर बीपीएम बरोबर आहे, फक्त पहिली बीट सरकलेली आहे. चूक हळूहळू वाढत गेली तर बीपीएमच चुकलाय. कधी पुढे, कधी मागे होत असेल, तर वादकांनी ते गाणं मेट्रोनोमशिवाय वाजवलंय. अशा गाण्यात जागोजागी बीपीएम बदलत न्यावा लागतो, आणि पहिल्या मॅपसाठी ते गाणं घेऊच नये. इलेक्ट्रॉनिक गाण्यांचा आकडा बहुतेक वेळा पूर्णांकच निघतो. बीपीएम शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने १२७.९ सांगितलं तर आधी १२८ टाकून ऐका. ही सॉफ्टवेअर कधी कधी निम्मा किंवा दुप्पट आकडाही देतात, १७४ च्या जागी ८७ वगैरे. तिथे घाबरण्यासारखं काही नाही, कान सांगेल ते धरायचं.

गाण्याच्या फाइलवरचं सगळं काम पहिला ब्लॉक ठेवण्याआधी उरकून टाका. गेमला ऑग फॉरमॅट लागतो. एमपीथ्रीवरून रूपांतर करताना सुरुवातीला बारीकशी शांतता घुसू शकते, म्हणून बीट जुळवायची ती तयार झालेल्या ऑग फाइलवर. ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीची शांतता कमी-जास्त करून गाण्याची पहिली सम बरोबर बीटच्या रेघेवर आणा. एडिटरमध्ये ऑफसेटचा आकडा टाकून हेच होतं असं वाटेल, पण फाइलच नीट केलेली बरी. पुढचे घोटाळे वाचतात. पहिल्या ब्लॉकच्या आधी दीड-दोन सेकंद मोकळे सोडा. चष्म्यातून अजून डोळा स्थिरावतोय आणि ब्लॉक अंगावर आला, अशी सुरुवात कुणालाच आवडत नाही.

आता हाताकडे येऊ.

गुण कसे मिळतात ते लक्षात घेतलं की अर्ध्या गोष्टी आपोआप कळतात. एका ब्लॉकचे जास्तीत जास्त ११५ गुण. त्यातले ७० कापण्याआधीच्या झोक्याचे, त्यासाठी तलवार किमान १०० अंशांतून फिरून यावी लागते. ३० कापल्यानंतरच्या झोक्याचे, तिथे ६० अंश पुरतात. उरलेले १५ ब्लॉकच्या किती मध्यातून काप गेला त्याचे. थोडक्यात, गेमलाच हवंय की हात लांबून यावा आणि पुढेपर्यंत जावा. मग मॅपरचं काम काय? प्रत्येक ब्लॉकच्या मागे हाताला त्या १०० अंशांची जागा ठेवणं. ती जागा मिळाली नाही की खेळणारा मनगटाने टिचकी मारून ब्लॉक कसाबसा कापतो, गुण जातात, आणि बाहेर येऊन म्हणतो, "हात अडतो."

एक उदाहरण जवळून बघा. मैदान चार स्तंभांचं आणि तीन ओळींचं. उजवा हात, म्हणजे निळे ब्लॉक. १२८ बीपीएम, अर्ध्या बीटला एक ब्लॉक, म्हणजे दर २३४ मिलिसेकंदांनी एक.

पहिला ब्लॉक खालच्या ओळीत, डावीकडून तिसऱ्या स्तंभात, बाण खाली. हात खांद्याच्या वरून आला आणि कापून मांडीपाशी पोचला. दुसरा ब्लॉक वरच्या ओळीत, चौथ्या स्तंभात, बाण वर. हात खालीच होता, तो तिथून उचलला जातो आणि ब्लॉकमधून वर निघून जातो. तिसरा पुन्हा खालच्या ओळीत, तिसऱ्या स्तंभात, पण बाण तिरका, खाली-डावीकडे. हात उजव्या बाजूला वर आहे, तिथून आत उतरतो. चौथा मधल्या ओळीत, चौथ्या स्तंभात, बाण वर-उजवीकडे. आल्या वाटेनेच हात परत. हे चार ब्लॉक कुणीही पहिल्या फटक्यात कापेल, कारण प्रत्येक झोका जिथे संपतो तिथूनच पुढचा सुरू होतो.

आता फक्त दुसऱ्या ब्लॉकचा बाण खाली करा. पडद्यावर काही बिघडलेलं दिसत नाही. बीट तीच, जागा तीच. पण हात मांडीपाशी आहे आणि त्याला पुन्हा वरून खाली यायचंय. २३४ मिलिसेकंदांत आधी रिकामाच वर जायचं, मग कापत खाली. वर आणखी एक गंमत: यामुळे पुढचा हिशेबही उलटतो. तिसरा ब्लॉक खाली-डावीकडेच आहे, त्यामुळे तिथेही तेच. एका चुकीच्या बाणाने दोनदा अडवलं.

हात खालून वर की वरून खाली, याच्या या पाळीला मॅपर 'पॅरिटी' म्हणतात. सराव म्हणून एवढंच करा: एडिटर मंद गतीवर ठेवून, खुर्चीतून उठून, हातात पेन धरून आपला मॅप हवेत कापा. एका वेळी एकच हात. आधी पूर्ण गाणं उजवा, मग पूर्ण गाणं डावा. प्रत्येक ब्लॉकला पुटपुटा: खाली, वर, खाली, वर. जिथे सलग दोनदा "खाली" आलं तिथे खूण करा. मधे एक पूर्ण बीट किंवा जास्त मोकळी असेल आणि गाण्यातही तिथे जोरकस ठोका असेल, तर ते मुद्दाम ठेवता येतं. सलग दोन घाव घातल्यासारखं छान वाटतं. अर्ध्या बीटवर मात्र नाही.

काही जागा फसव्या आहेत. सरळ डावा किंवा सरळ उजवा बाण दोन्ही पाळ्यांमध्ये बसतो, त्यामुळे आडव्या बाणांची ओळ झाली की हात वरचा होता की खालचा हे मॅपर विसरतो आणि पुढे कुठेतरी ठेच लागते. आडवा बाण आला की त्याच्या आधीच्या खालच्या बाणापासून पुन्हा मोजत या. दुसरी फसवी जागा म्हणजे ठिपक्याचा ब्लॉक, जो कुठूनही कापता येतो. पॅरिटी बिघडली की नवखा मॅपर तिथे ठिपका टाकतो आणि सुटलो म्हणतो. सुटत नाही. ठिपका कापायलाही एक झोका लागतोच, आणि त्या झोक्यानेही पाळी बदलते. शिवाय खेळणाऱ्याला कळत नाही की इथे माझ्याकडून काय हवंय. ठिपके संगीतातल्या हलक्या, अस्पष्ट आवाजांसाठी ठेवा.

दोन्ही हात एकत्र आणताना आणखी दोन गोष्टी. लाल ब्लॉक उजवीकडे जाणारा आणि निळा डावीकडे जाणारा, दोन्ही मधल्या स्तंभांत एकाच वेळी, असं ठेवलंत तर खरोखरच कंट्रोलर एकमेकांवर आपटतात. पडद्यावर ही रचना देखणी दिसते, म्हणून वारंवार केली जाते. आणि मधल्या ओळीतल्या मधल्या दोन चौकोनांपासून जपून राहा. ते बरोबर चेहऱ्यासमोर येतात आणि मागून येणारं सगळं झाकून टाकतात. तिथे ब्लॉक ठेवायचाच तर त्याच्यामागे थोडा वेळ काही ठेवू नका. नवख्यांनी खालच्या ओळीलाच घर मानावं: लाल दुसऱ्या स्तंभात, निळा तिसऱ्या, आणि वरच्या बाणांसाठी कडेचे स्तंभ. यात कंटाळवाणं काही नाही. चांगल्या मॅपमध्येही बराच वेळ हात याच घरात असतात.

ब्लॉक किती वेगाने येतात, त्यावरही मजा अवलंबून असते आणि पहिल्या मॅपमध्ये हे आकडे हमखास जसेच्या तसे सोडलेले असतात. नोट जंप स्पीड हा वेग मीटर प्रति सेकंदात असतो. समजा गाणं १२० बीपीएमचं आणि वेग १६. गेम आपल्या हिशेबाने ब्लॉक दोन बीट आधी, म्हणजे एक सेकंद आधी समोर आणतो. दाट मॅपमध्ये एक सेकंद फार झाला. समोर ब्लॉकांची भिंत उभी राहते आणि आधी काय कापायचं ते कळत नाही. तिथे नोट जंपचा ऑफसेट (गाण्याचा तो वेगळा) उणे ०.८ केला तर ब्लॉक १.२ बीट, म्हणजे ०.६ सेकंद आधी दिसेल. वेग तोच, पण समोरची गर्दी कमी. विरळ मॅपला जास्त वेळ चालतो, दाटाला कमी लागतो, आणि अर्ध्या सेकंदाच्या खाली नवख्याने उतरू नये, हा माझा अंदाजपंचे नियम. आकडे बदलून तोच तुकडा तीन वेळा खेळलात की फरक कळेल.

आता 'मजा येत नाही'.

गाण्यात एका वेळी चार-पाच थर वाजत असतात. सगळ्यांना ब्लॉक दिले की ऐकणाऱ्याला कुठलाच थर ऐकू येत नाही, कारण हात सतत सारख्याच वेगाने चालू असतो. शिवाय १२८ बीपीएमला पाव बीटवर आलटून-पालटून लाल-निळे दिले तर प्रत्येक हाताला २३४ मिलिसेकंद मिळतात, ते ठीक आहे. पण तेच पाव बीटचे ब्लॉक एकाच हाताला दिले तर ११७ मिलिसेकंद, आणि बऱ्याच जणांना ते झेपत नाही. सगळं मॅप करायला गेलं की हे नकळत होतं.

प्रत्येक भागाला एक थर निवडा आणि तो भाग संपेपर्यंत त्याच्याशी प्रामाणिक राहा. कडव्यात गायकाचा आवाज धरलात तर शब्दांच्या आघातांवर ब्लॉक, आणि मागचा हाय-हॅट, म्हणजे ड्रमची झांज, वाजू दे तसाच. कोरसमध्ये ड्रमवर या: किकवर, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमवर, एकेक ब्लॉक, स्नेअरवर, म्हणजे कडक ठोक्याच्या ड्रमवर, दोन्ही हातांचा एकत्र खालचा घाव. दुहेरी घाव हा तुमच्याकडचा सगळ्यात मोठा आवाज आहे, तो कडव्यातच उधळून टाकलात तर कोरसला द्यायला काही उरत नाही. थर बदलायचा तो भागाच्या सीमेवर, ओळीच्या मध्यावर नाही. चार बीट आवाज, दोन बीट गिटार, पुन्हा आवाज, असं केलं की खेळणाऱ्याचा कान आणि हात दोघेही भांबावतात.

पुनरावृत्तीला लाजू नका. गाण्यात तीच धून परत येते, तर मॅपमध्येही तीच रचना परत येऊ द्या; दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला ओळखीचं काही भेटल्याचा आनंद होतो. तिसऱ्या कोरसला थोडी वाढवा, डाव्या-उजव्याची अदलाबदल करा. दर चार बीटला नवं काहीतरी शोधत बसलेल्या मॅपमध्ये मॅपरची मेहनत दिसते, गाणं दिसत नाही. आणि गाणं जिथे थांबतं तिथे तुम्हीही थांबा. दोन सेकंद रिकामे ठेवायची भीती वाटते खरी, पण पुढचा ब्लॉक त्या शांततेमुळेच जोरात लागतो.

थेट एक्सपर्ट प्लसपासून सुरुवात केलीत, त्याबद्दलही बोलायला हवं. स्वतःला सहज खेळता येते त्याच्या एक पायरी खालची पातळी आधी करावी. जी पातळी खेळताना आपलीच दमछाक होते, तिथे वाईट वाटलं तर ते मॅपमुळे की आपल्यामुळे, हे ठरवता येत नाही. हार्ड पातळी मला शिकण्यासाठी सगळ्यात उपयोगी वाटते: पॅरिटीही नीट दिसते आणि थर निवडायची सक्तीही होते.

खालची पातळी वरच्यातून ब्लॉक गाळून करायचा मोह होईल. तिथे पॅरिटी लगेच दगा देते. खाली, वर, खाली यातला मधला 'वर' काढलात की उरतं खाली-खाली. एका हाताचे ब्लॉक गाळायचेच तर सलग जोडीने गाळा, म्हणजे पाळी टिकते. पण खरं सांगायचं तर गाळलेली पातळी गाळल्यासारखीच लागते; रिकाम्या पानावर नव्याने केलेली बरी.

भिंती (अंग चुकवायच्या), बॉम्ब (तलवार लागू द्यायची नाही असे), दिवे यांच्यावर पहिल्या मॅपमध्ये फार वेळ घालवू नका. भिंत ठेवायची तर दोन्ही मधले स्तंभ एकाच वेळी अडवू नका, आणि वाकायला लावणारी भिंत पटापट देऊ नका, माणसाला गुडघे असतात. हाताला जबरदस्तीने वर आणण्यासाठी बॉम्बची रचना वापरतात, ती सध्या बाजूला ठेवा. दिव्यांसाठी आपोआप करणारी साधनं आहेत, ती चालतील. अंधारात ब्लॉक दिसले पाहिजेत एवढीच अट. ब्लॉक आपोआप टाकणारी साधनंही आहेत, तिथे मात्र मी नाही म्हणेन. ती बीट बरी पकडतात, पण नवख्याने शिकायचं ते नेमकं त्यांनी परस्पर करून टाकलेलं असतं. २०२२ मध्ये गेममध्ये आलेले आर्क (ब्लॉकांना जोडणाऱ्या वक्र रेघा) आणि चेन (तुकड्यांची साखळी) तिसऱ्या-चौथ्या मॅपला पाहता येतील.

चाचणी स्वतः करा, पण निकाल स्वतः देऊ नका. पुढे काय येणार हे तुम्हाला पाठ असतं, त्यामुळे वाईट रचनाही तुमच्या हाताला सोपी वाटते. मॅप आठवडाभर बाजूला ठेवून खेळलात तर थोडं खरं कळतं. दुसऱ्यांना देताना "कसा वाटला?" विचारू नका, उत्तर येईल "मस्त". विचारा, "कुठे अडलास?" आणि जमलं तर त्यांचा खेळतानाचा व्हिडिओ मागा. दोन वेगवेगळ्या उंचीची, वेगवेगळ्या तयारीची माणसं एकाच ठिकाणी चुकली, तर तिथे मॅप चुकलाय. वाद घालू नका. एकच माणूस चुकला तर थांबा, तिसऱ्याला देऊन बघा. गेमच्या सराव मोडमध्ये हवी ती जागा हळू गतीत खेळता येते. हळू गतीतही हात अडत असेल तर दोष बाणांचा. हळू गतीत सुरळीत आणि पूर्ण गतीत अडत असेल तर दोष दाटपणाचा किंवा वेगाच्या आकड्याचा. ही एक कसोटी बराच वेळ वाचवते.

मॅप बीटसेव्हरवर, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या मॅपच्या वेबसाइटवर, टाकायचा असेल तर गाण्याच्या हक्कांकडे बघून घ्या. मॅप तुमचा असला तरी गाणं तुमचं नाही. काही कलाकार आपली गाणी अशा वापरासाठी उघडपणे मोकळी ठेवतात. पहिल्या मॅपसाठी अशातलं एखादं, स्थिर लयीचं, दोन-अडीच मिनिटांचं गाणं शोधा. लहान गाणं पूर्ण होतं, मोठं अर्ध्यावर राहतं.

राहिला तुमचा आत्ताचा मॅप. तो संपूर्ण दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. त्याची प्रत काढा, कोरसच्या सोळा बीट ठेवा आणि बाकी सगळं पुसा. त्या सोळा बीटमध्ये फक्त किक आणि स्नेअर राहू द्या. मग उजवा हात एकटा पुटपुटत तपासा, मग डावा, मग दोन्ही. एवढा तुकडा त्याच दोन मित्रांना द्या आणि कुठे अडला ते विचारा. अडला नाही म्हणाले की मागचं कडवं करायला घ्या.